आरडीएफमध्ये बायोमास किती टक्के? आधी सांगा, कशाचे टक्के

सिमेंट प्लांटच्या लॅबमध्ये आरडीएफचं, म्हणजे कचऱ्यापासून बनवलेल्या इंधनाचं, सॅम्पल आलं की पूर्वी मॉइश्चर, अ‍ॅश, क्लोरीन आणि जीसीव्ही (किलोमागे मिळणारी उष्णता) काढलं की सुटलो. आता कार्बनचा हिशोब मागे लागलाय, त्यामुळे नवीन प्रश्न येतो, "यात बायोजेनिक किती?" म्हणजे कागद, लाकूड, सुती कापड जळून निघणारा सीओटू वेगळा मोजायचा आणि प्लॅस्टिकचा वेगळा, कारण पहिला झाडांनी हल्लीच हवेतून घेतलेला असतो आणि दुसरा जमिनीखालच्या तेलातला.

सप्लायर छातीठोकपणे सांगतो साठ टक्के बायोमास आहे. अहो पण कशाचे साठ? समजा वाळवलेल्या मालात वजनाने ६० टक्के कागद-लाकूड, ३० टक्के पॉलिथिन, १० टक्के माती-काच. कागदात कार्बन साधारण ४५ टक्के, पॉलिथिनमध्ये ८५, म्हणजे कार्बनच्या हिशोबात बायोजेनिक आलं जेमतेम ५१ टक्के. आता उष्णता बघा, कागद किलोला ४००० किलोकॅलरी आणि पॉलिथिन १०,००० धरलं तर ते ४४ वर येतं. माल एकच, आकडे तीन, आणि तिन्ही खरे! ज्याला जो सोयीचा तो तो सांगतो.

मोजायचं कसं, तर यासाठी आयएसओ २१६४४ स्टँडर्ड आहे, त्यात तीन रस्ते दिलेत. हाताने निवडणं हा सगळ्यात साधा, पण सूत-पॉलिस्टर मिसळलेल्या टेरीकॉटची चिंधी कुठल्या ढिगात टाकणार? दुसरा म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. कागद, लाकूड, भाजीपाला विरघळून जातो, खाली प्लॅस्टिकचे रंगीत तुकडे उरतात ते गाळायचे, वाळवायचे, वजन करायचं आणि त्यातली राख वजा करायची. ऐकायला छान आहे, पण नायलॉन पेट्रोलियमचं असून अ‍ॅसिडात विरघळतं आणि बायोमासमध्ये जमा होतं, उलट झाडाच्या चिकातलं रबर बऱ्यापैकी तसंच राहतं आणि प्लॅस्टिकच्या खात्यात जातं.

तिसरा कार्बन-१४, म्हणजे हळूहळू नष्ट होत जाणारा किरणोत्सारी कार्बन. इनामगावच्या उत्खननातल्या कोळशाचं वय ज्याने काढलं तीच पद्धत, फक्त इथे वय नको असतं, मिसळ किती ते हवं असतं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जुन्या तेलात तो शून्य आणि ताज्या कागदात हवेइतका. एक गंमत आहे, अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता, म्हणून त्या काळात वाढलेल्या झाडाचं लाकूड पाडकामाच्या कचऱ्यातून आलं तर आकडा शंभरच्या वर जातो आणि करेक्शन लावावं लागतं.

पण खरी डोकेदुखी मशीनची नाहीच, सॅम्पलची आहे. एएमएसला (कार्बन-१४ मोजणाऱ्या मशीनला) कार्बन लागतो मिलिग्रॅममध्ये, आणि बाहेर उभा असतो दहा टनांचा ट्रक. ढिगाऱ्यात एकीकडे ओली चिखलट माती-कागदाची गाठ, दुसरीकडे नुसत्या पिशव्या. ते सगळं बारीक करायला घ्या, कागद मस्त पीठ होतो आणि पॉलिथिनची फिल्म गरम होऊन कटिंग मिलच्या ब्लेडला गुंडाळून बसते. ती ओढून काढून फेकली की झालं, बायोजेनिक आपोआप वाढलं! म्हणून आधी लिक्विड नायट्रोजन ओतून माल कडक करतात आणि मग दळतात. हा खर्च सांगितला की परचेसवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग लोक विचारतात, एवढी कटकट कशाला, चिमणीतला गॅसच मोजा ना? कचरा जाळणाऱ्या वीज प्लांटमध्ये ते खरंच करतात, गॅस बरेच दिवस गोळा करून त्यात कार्बन-१४ बघतात, व्हिएन्नाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने तर प्लांटच्या रोजच्या ऑपरेटिंग डेटावरूनच हिशोब काढायची बॅलन्स मेथड बनवली. आमच्याकडे मात्र किल्नच्या (सिमेंटच्या भट्टीच्या) सीओटूमध्ये निम्म्याहून जास्त वाटा कच्चा माल म्हणून तापवलेल्या चुनखडीचा, आणि त्यातही कार्बन-१४ नाही, म्हणजे आरडीएफमधलं बायोजेनिक त्या ढगात पार पातळ होऊन जातं. शिवाय कोळसाही सोबत जळत असतोच. म्हणून इंधन आत जायच्या आधीच मोजणं आलं.

सध्या मी रिपोर्टमध्ये वजन, कार्बन आणि उष्णता असे तीन कॉलम केलेत, वर "ड्राय बेसिस" (वाळवलेल्या मालावर) ठळक लिहिलंय. मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यातला कुठला जातो हे सांगायची गरज नाही.