श्वास ऐकू येणारे दोन अल्बम

2024 साली प्रकाशित झालेल्या जॅझच्या दोन अल्बमांकडे मी अजूनही पुन्हा पुन्हा वळतो. फोंड्यातल्या घरी रात्र पडून रस्ता शांत झाला, की ते विशेष उलगडतात.

पहिला शाबाका हचिंग्ज यांचा 'परसीव्ह इट्स ब्यूटी, अ‍ॅकनॉलेज इट्स ग्रेस'. 'सन्स ऑफ केमेट'सारख्या वाद्यवृंदांतून ज्या टेनर सॅक्सोफोनने त्यांना कीर्ती दिली, तो त्यांनी 2023 संपताना खाली ठेवला आणि या अल्बमसाठी शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी, इतर बासऱ्या आणि क्लॅरिनेट हाती घेतली. ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाले. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम 1964 च्या डिसेंबरात तेथेच मुद्रित झाला होता. वादक हेडफोनविना, मध्ये आडोसा न ठेवता एकत्र वाजवत होते, म्हणून ब्रँडी यंगर यांच्या हार्पचा झंकार आणि बासरीतली फुंकर एकाच हवेत मिसळलेली जाणवते. केरीच्या केसरबाई केरकरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत आम्ही वाढलो, त्यामुळे दमसास म्हणजे काय हे आम्हांला सांगावे लागत नाही. मात्र तेथे श्वास कुठे घेतला हे कळू न देणे हीच विद्या. येथे स्वर उमटण्याआधीची हवाही संगीतात धरली आहे, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

दुसरा अल्बम सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो'. तो 15 मार्च रोजी, त्यांच्या 86 व्या वाढदिवशी आला. लॅरी ग्रेनाडियर यांचा बास आणि ब्रायन ब्लेड यांचे ड्रम्स त्यांना मोकळी जागा देतात. पियानोवर जेसन मोरन आहेत, जे हचिंग्ज यांच्या अल्बमातही आहेत. दोन्ही ठिकाणी त्यांचा संयम ऐकण्याजोगा आहे.

चर्चच्या संगीतशाळांनी गोव्यात वादकांच्या पिढ्या घडवल्या. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईत गाजले, ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांना जॅझशी जोडले. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर सॅक्सोफोन वाजवलेल्या माझ्या शेजाऱ्यांना मी लॉइड ऐकवले. पहिली रचना संपल्यावर त्यांनी वादकाचे वय विचारले, क्षणभर बोटे गुडघ्यावर तशीच चालवत राहिले आणि म्हणाले, 'परत लावा.'