नवं मॉड्युलर पॉलिमर पिस्तूल टिकेल का? ग्वाल्हेर-मालनपूरच्या बाजूने एक हिशेब

ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याला लागलं की मालनपूरची औद्योगिक वसाहत येते. छोटी शस्त्रं बनवणारा देशातला पहिला खासगी कारखाना, पीएलआर सिस्टिम्स, 2017 मध्ये इथे सुरू झाला. इस्रायलच्या आयडब्ल्यूआय या शस्त्रकंपनीच्या टॅव्होर, गलील आणि नेगेव या बंदुकांबरोबर ‘मसाडा’ हे 9 मिमी पिस्तूलही त्यांच्या यादीत आहे. पॉलिमरची मूठ, स्ट्रायकरवर (हॅमरऐवजी स्प्रिंगच्या जोरावर सरळ पुढे जाऊन काडतुसावर आदळणारी सुई) चालणारी यंत्रणा आणि आत वेगळी निघणारी पोलादी चॅसिस असं हे पिस्तूल. म्हणजे ज्या जातीच्या हत्याराने जगाचा बाजार गच्च भरला आहे, तीच जात आपल्या वेशीवर आली आहे. या गर्दीत आणखी एक नवं मॉड्युलर पिस्तूल उतरलं तर चालेल का, हा प्रश्न इथल्या माणसाला म्हणूनच परका नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘मॉड्युलर आहे’ एवढ्या भांडवलावर आता पिस्तूल विकलं जात नाही. ते टिकतं मॅगझिनवर, सुट्या भागांच्या पुरवठ्यावर आणि हातातून पडल्यावर सुटणार नाही या खात्रीवर. भारतात त्यात बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाचा, प्रश्न मिसळतो, आणि तोच सगळ्यात अवघड आहे.

मॉड्युलर म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. जुन्या पिस्तुलात फ्रेम हाच मुख्य भाग. नंबर त्याच्यावर ठोकलेला असतो आणि बाकी सगळं त्याच्यावर बसतं. मॉड्युलर रचनेत चाप, त्याच्या यंत्रणेतले ट्रिगर बार, सिअर आणि डिसकनेक्टर, रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर आणि वरची पुढेमागे सरकणारी स्लाइड ज्यांच्यावर धावते ते रूळ हे सगळं एका छोट्या पोलादी पेटीत असतं. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने तीच पेटी म्हणजे पिस्तूल, कारण नंबर तिच्यावर असतो. भोवतीची प्लास्टिकची मूठ हे नुसतं कवच. ती फुटली, झिजली किंवा हाताला मोठी पडली तर दुसरी चढवायची.

कल्पना चांगली आहे, पण तेवढ्याने यश मिळत नाही हे सिग सॉअरच्याच इतिहासात दिसतं. 2007 मध्ये त्यांचं पी250 आलं. पेटी निघणारी, मूठ बदलणारी, सगळं होतं. पण चाप लांब आणि प्रत्येक वेळी पूर्ण ओढावा लागणारा. डच पोलिसांनी ते आधी निवडलं, चाचण्यांत माल उतरला नाही म्हणून करार मोडला आणि वॉल्थरकडे गेले. त्याच पेटीची कल्पना घेऊन, चाप सुधारून आणि हॅमरऐवजी स्ट्रायकर लावून 2014 मध्ये पी320 काढलं, आणि जानेवारी 2017 मध्ये अमेरिकी लष्कराचं एम17 म्हणून ते निवडलं गेलं. दोन्हींतला मोठा फरक चापाचा होता. मूठ बदलते म्हणून गिऱ्हाईक दुकानापर्यंत येतं खरं, पण पिस्तूल घ्यायचं की नाही हे चाप दोनदा ओढून ठरवतं.

त्या लष्करी निविदेतला एक आकडा लक्षात ठेवावा असा आहे. ग्लॉकने निकालाविरुद्ध तक्रार केली आणि ती फेटाळली गेली, तेव्हा बाहेर आलं की सिगची बोली 16.95 कोटी डॉलरची होती आणि ग्लॉकची 27.22 कोटींची. नव्या पिस्तुलाने मोठी निविदा जिंकायची म्हणजे किमतीत असा घाव घालायची तयारी हवी.

आता गर्दीकडे पाहू. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक 17 घेतलं, तिथून ही वाट सुरू झाली. आज स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, हेकलर कॉखचं व्हीपी9, सीझेडचं पी-10, वॉल्थरचं पीडीपी, तुर्की कॅनिक, बेरेटाचं एपीएक्स, स्प्रिंगफील्डचं एकेलॉन अशी रांग आहे. एपीएक्सलाही वेगळी निघणारी चॅसिस आहे, आणि ते अमेरिकी निविदेत हरलं. म्हणजे मॉड्युलर असणं ही आता जेमतेम पासापुरती अट झाली आहे. या रांगेत उशिरा आलेल्यांपैकी आम्हाला सगळ्यात शहाणा डाव वाटतो तो रुगरचा. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी मॅगपुलच्या मुठीचं आरएक्सएम आणलं, तेही पेटी निघणारं, पण मॅगझिन ग्लॉकचं घेतलं आणि बरेच भाग ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीशी जुळणारे ठेवले. गिऱ्हाइकाच्या कपाटात असलेली मॅगझिन आणि होल्स्टर पहिल्या दिवसापासून चालतात. नवीन मॅगझिन घेऊन येणाऱ्या कंपनीला हा डोंगर एकटीने चढावा लागतो: मॅगझिन, त्याचं पाऊच, होल्स्टर आणि साइट, प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्या कोणी तरी साचा पाडावा म्हणून वाट पाहायची.

मॅगझिनवर जरा थांबायला हवं, कारण मॉड्युलर पिस्तुलाची खरी दुखरी नस तिथेच आहे. बहुतेक रचनांत मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिन अडकवून धरणारी कळ, पोलादी पेटीत नसून प्लास्टिकच्या मुठीत असतो, आणि स्लाइडचे रूळ मात्र पेटीत. म्हणजे काडतूस स्लाइडच्या तोंडासमोर किती उंचीवर उभं राहणार, हे मूठ ओतताना किती अचूक उतरली यावर ठरतं. मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. नायलॉन साच्यातून निघताना आकसतं, तंतू ज्या दिशेने वाहतात तिकडे कमी आणि आडव्या दिशेने जास्त. नंतर हवेतलं पाणी पिऊन थोडं फुगतं. कॅचची खाच अर्ध्या मिलिमीटरने खाली गेली तरी मॅगझिन खाली बसतं, स्लाइड काडतुसाची कड नीट पकडत नाही, कधी टोक नळीच्या तोंडाशी असलेल्या रॅम्पला (उताराला) आदळतं, तर कधी स्लाइड रिकामीच पुढे येते. गिऱ्हाईक मॅगझिनला दोष देतं, कंपनी काडतुसाला. म्हणून नवं पिस्तूल तपासताना एकाच मुठीवर हजार फैरी झाडून भागत नाही. निदान पाच वेगवेगळ्या मुठी आणि दहा मॅगझिन घ्यावीत, आलटून पालटून लावावीत, आणि अडखळलेल्या प्रत्येक फैरीपुढे मुठीचा व मॅगझिनचा क्रमांक लिहावा. अडथळा एकाच मुठीवर जमा होत असेल तर दोष साच्याचा; सगळ्या मुठींवर एकच मॅगझिन रडत असेल तर मॅगझिनच्या ओठांचा किंवा स्प्रिंगचा.

दुसरी झीज टेकडाउन लिव्हरच्या (पिस्तूल उघडायच्या कळीच्या) भोकांत होते. पेटी मुठीत धरून ठेवायचं काम तो लिव्हर किंवा एखादी पिन करते. मूठ वारंवार काढली-घातली की प्लास्टिकमधलं भोक लांबट होतं आणि पेटी आत हलायला लागते. लोडिंग बंद, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, अशा स्थितीत स्लाइड काढून पेटी बोटाने पुढेमागे हलवून पाहावी. नव्या मुठीत ती हलता कामा नये.

पडण्याच्या चाचणीबद्दल बोलताना कोणाचाही मुलाहिजा ठेवू नये. अमेरिकी उद्योगाची प्रमाण चाचणी पिस्तूल सुमारे सव्वा मीटरवरून, ठरावीक सहा अंगांवर, रबरी चटईवर टाकते. पी320 त्यात पास होतं. पण 2017 च्या ऑगस्टमध्ये दिसून आलं की स्लाइडच्या मागच्या टोकावर, तिरप्या कोनात पडलं की जड चाप स्वतःच्या वजनाने मागे जाऊन गोळी सुटू शकते. सिगने चाप, सिअर आणि स्ट्रायकर हलके केले, वेगळा डिसकनेक्टर घातला आणि आधी विकलेल्या पिस्तुलांत हा बदल फुकट करून दिला. त्यानंतरही या पिस्तुलावरचे खटले आणि वाद थांबलेले नाहीत. अमिरातीच्या कॅरॅकलला 2013 मध्ये आपली पिस्तुलं परत बोलवावी लागली, आणि अमेरिकी बाजारात त्यांचं नाव पुन्हा उभं राहायला फार जड गेलं. सिग मोठी कंपनी, तिने धक्का सोसला. नव्या कंपनीला पहिल्याच वर्षी असं काही झालं तर दुसरं वर्ष दिसत नाही. म्हणून सहा अंगांच्या जोडीला तिरपे कोनही टाकून पाहिलेत का, हे लेखी मागावं.

आता आपल्याकडे येऊ. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात परवान्याच्या बंदुकीला घरात मान आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला तिची पूजाही होते. पण या हौशी बाजाराला 9×19 पिस्तूल विकताच येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 खाली 9 मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे. सामान्य परवानाधारकासाठी उरतो .32, आणि त्यातही गोंधळ आहे: पिस्तुलाचं .32 म्हणजे 7.65×17 मिमीचं काडतूस, तर कानपूरच्या निर्भीक किंवा प्रबल रिव्हॉल्व्हरचं .32 हे लांब, बुडाला कड असलेलं वेगळंच काडतूस. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. ज्याच्याकडे आजोबांची बारा बोअर आणि एक .315 रायफल आहे, त्याचा कोटा संपलेलाच असतो.

मॉड्युलर रचनेची गंमतही इथे कायद्याशी भिडते. आपल्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे भागही येतात. त्यामुळे दुसरी नळी, दुसरी स्लाइड किंवा बोअर बदलणारा संच ही दुकानातून सहज उचलायची वस्तू होऊ शकत नाही; परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. परदेशात जे विकण्याचं मुख्य कारण आहे, ते इथल्या खासगी गिऱ्हाइकाला जवळजवळ वापरताच येत नाही. नेमबाजीच्या खेळातही फारशी जागा नाही. 25 मीटर सेंटरफायर प्रकारात अचूकतेसाठी घडवलेली लक्ष्य-पिस्तुलं चालतात, त्यांचा चाप किमान एक किलोचा असला तरी चालतो. स्ट्रायकर पिस्तुलाचा चाप साधारण अडीच किलोचा असतो.

मग 9 मिमीच्याच पिस्तुलाला .32 ची नळी बसवून विकलं तर? हा सल्ला फार ऐकू येतो आणि तो कच्चा आहे. 9×19 ची गोळी सुमारे 500 ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, .32 ची 180 च्या आतबाहेर. 9 मिमीसाठी बनवलेली जड स्लाइड आणि कडक स्प्रिंग .32 च्या धक्क्याने पूर्ण मागे जाणार नाही. स्लाइड हलकी करायला हवी, स्प्रिंग मऊ, आणि तिरपी होऊन अडकणाऱ्या नळीऐवजी स्थिर नळीचा साधा ब्लोबॅक (काडतुसाच्या धक्क्यानेच स्लाइड मागे ढकलणारी रचना) पुरतो. काडतुसाची बुडाची कडही वेगळी: 9 मिमीची 9.96, .32 ची 9.1 मिमी. म्हणजे काडतुसाच्या बुडाला टेकणारं ब्रीचचं तोंड आणि पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर, दोन्ही नवे. शिवाय .32 ची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे सरकली की दोन्ही अडकतात. लांबीने आखूड गोळ्यांत हे जास्त घडतं. मॅगझिनचा कोन आणि आतली जागा त्यासाठी मुद्दाम आखावी लागते.

तरी हे अशक्य नाही. जिथे लष्करी बोअर नागरिकांना बंद आहेत, अशा बाजारांसाठी ग्लॉकने 1995 मध्ये .380 चं ग्लॉक 25 काढलं: अंग ग्लॉक 19 एवढं, आत नळी न अडकणारा ब्लोबॅक. भारतात नागरी बाजार हवा असलेल्या नव्या कंपनीने हाच रस्ता धरावा असं आम्हाला ठामपणे वाटतं. मूठ आणि चाप तोच, आतली पेटी आणि वरची स्लाइड .32 साठी वेगळी घडवलेली, आणि सोबत .32 साठीच आखलेलं मॅगझिन. सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल आणि काही महाग विदेशी जुनी हत्यारं ही या स्पर्धेतली जुनी नावं आहेत. तिथे एक नीट पॉलिमर पिस्तूल लगेच उठून दिसेल.

9 मिमीचं गिऱ्हाईक म्हणजे सुरक्षा दलं आणि राज्य पोलीस, ज्यांच्या हाती अजून ईशापूरचं 13 फैरींचं पिस्तूल ऑटो 9 मिमी 1ए दिसतं. ग्वाल्हेरपासून जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आणि मध्यवर्ती कार्यशाळा आहे. मॉड्युलर रचनेचा खरा फायदा अशा आर्मररच्या (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या) टेबलावर दिसतो: फुटलेल्या मुठीसाठी अख्खं पिस्तूल फॅक्टरीत पाठवावं लागत नाही, आणि लहान हाताच्या महिला शिपायाला लहान मूठ त्याच नंबरच्या पेटीवर मिळते. पण हा फायदा मिळायला मुठी भांडारात असायला हव्यात. निविदा सगळ्यात कमी बोलीला जाते, आणि सुटे भाग पुढच्या निविदेवर ढकलले की तीन वर्षांनी मॉड्युलर पिस्तूलही बंद कपाटात पडून राहतं.

म्हणून निविदेच्या पहिल्याच पुरवठ्यात दर शंभर पिस्तुलांमागे निदान दहा मुठी (तिन्ही मापांत), शंभर रिकॉइल स्प्रिंग, वीस एक्स्ट्रॅक्टर व त्यांच्या स्प्रिंग, दहा स्ट्रायकर आणि प्रत्येक पिस्तुलामागे चार मॅगझिन मागून घ्यावीत, हा आमचा हिशेब आहे. रिकॉइल स्प्रिंग साधारण 5,000 फैरींना बदलायची. रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) लावणार असाल तर प्लेटचे स्क्रू दीड न्यूटन-मीटरच्या आसपास, थ्रेडलॉकर लावून, आणि कडेला रंगाची रेघ, म्हणजे ढिला झालेला स्क्रू लगेच दिसतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्याने मूठ बिघडत नाही, पण धूळ बिघडवते. तेल जास्त झालं की धुळीचा लगदा होतो. रुळांवर एकेक थेंब, नळीच्या वरच्या बाजूला पुसटसा हात, आणि स्ट्रायकरची वाट कोरडी ठेवायची. तिथे तेल गेलं की जळालेली पूड चिकटते, स्ट्रायकर मंदावतो, काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर नुसती पुसट खूण उमटते आणि फैर निघत नाही.