आमची वाटचाल : जुन्या लोखंडी रंध्यांची दुरुस्ती

रंधा चकाचक करायला अर्धा तास पुरतो. तो लाकडावर चालता करायचा म्हटलं तर अख्खा दिवस मोडतो, कधी दोन. हा फरक गिऱ्हाईकाला समजावण्यात आमची निम्मी हयात गेली, आणि काही जणांनी तो समजू नये म्हणून मुद्दाम कष्ट घेतले. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

वडील रेल्वेत सुतारखात्यात होते. सागवानी डब्यांचा तो जमाना. १९५५ साली मद्रासच्या पेरांबूरला पोलादी डबे बनायला लागले, लाकडी डबे हळूहळू मोडीत निघाले आणि त्यांच्यामागून हत्यारंही लिलावात गेली, असं वडील सांगत. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे रंधे, स्टॅन्ले कंपनीचे रंधे, मापाने चार नंबर, पाच नंबर, क्वचित लांबलचक सात नंबर, सगळे किलोच्या भावाने. त्यातले काही आमच्या घरी आले आणि धंदा तिथून सुरू झाला.

पहिला भागीदार म्हणजे शेजारचे लेथवाले मामा. या लोखंडी रंध्यांची रचना मूळ बेली या अमेरिकन कारागिराची; स्टॅन्लेने ती १८६९ साली विकत घेतली आणि ती आजही जवळपास तशीच आहे. पण तिच्या स्क्रूंचे आटे बाजारात सापडत नाहीत. पातं खाली-वर करणारी पितळी चाकी घ्या : ९/३२ इंच, इंचाला २४ आटे, आणि तेही उलटे. मामांनी त्याचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, स्वतः बनवला. चाकी झिजली म्हणून रंधा फेकायची वेळ आमच्याकडे कुणावर आली नाही, त्याचं श्रेय मामांचं. त्यांनी पैसे कधी वेळेवर मागितले नाहीत, आम्हीही कधी वेळेवर दिले नाहीत.

मधली वर्षं बरी गेली.

मग हाताखालचा एक मुलगा बाहेर पडला आणि त्याने दोन गल्ल्या सोडून दुकान टाकलं. बाहेर पडला याचं काही नाही, आम्हीही कुणाकडे तरी शिकलोच. पण त्याने आणला बेल्ट ग्राइंडर. रंध्याचा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तळ पट्ट्यावर धरायचा, आरशासारखा करायचा, वर काळा रंग, मुठीला पॉलिश, आमच्या निम्म्या भावात विक्री. पातंही त्याच पट्ट्यावर. धारेला निळी झाक आली की पात्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. निळा भाग तो घासून पांढरा करायचा.

रंधा दिसायला झकास. सागवानात तर सिलिका असते, तिथे चांगल्या पात्याचीही धार लवकर जाते. याचं पातं चार हात मारले की बोथट. तळ मध्ये पोकळ, कडा गोल. लोकांनी दोष त्याला दिला नाही, रंध्याला दिला. ‘जुन्या मालात दम राहिला नाही’ म्हणत सगळे इलेक्ट्रिक प्लेनरकडे वळले. आमच्याकडचं काम आटलं. गाळ्याचं भाडं थकलं. तेव्हा नॉरिस कंपनीचा एक रंधा विकावा लागला : लंडनचा, पोलादी अंग डव्हटेलने जोडलेलं, आत शिसवी भरलेली. तसा पुन्हा हाती लागला नाही. घेणाऱ्याने तो शोकेसमध्ये ठेवलाय म्हणे.

त्या काळात येत राहिले ते अप्पा. हार्मोनियम बनवतात. सूर बसवायची लाकडी पट्टी जराशी वाकडी असली तर हवा गळते आणि भाता कितीही ओढा, सूर दमेकऱ्यासारखा निघतो. म्हणून अप्पांना तळाची जाहिरात चालत नाही. रंधा हातात घेतला की तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघणार, मग तिरकी धरून पुन्हा बघणार. एकदा त्यांनी त्या दुकानातला रंधा आणून आमच्या टेबलावर ठेवला. पट्टीखालून उजेड सरळ आरपार. काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्या ओळखीचे तीन कारागीर आपापले रंधे घेऊन आले, आणि भाडं सुटलं.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. तळ सपाट करताना पातं जागेवर ठेवा, फक्त आत ओढून घ्या, आणि लिव्हर कॅप, म्हणजे पातं दाबून धरणारं झाकण, नेहमीसारखी घट्ट करा; त्या ताणाने तळ किंचित वाकतो. मार्करने रेघा मारा, जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा आणि घासा. पुढचं टोक, तोंडाची (पातं बाहेर येतं त्या फटीची) पुढली कड आणि मागचं टोक इथल्या रेघा पुसल्या की थांबा. मधे कुठे खळगा राहिला तर राहू द्या. उलट्या रेषेचं लाकूड उचकटत असेल तर पातं बदलू नका, चिप ब्रेकर, म्हणजे पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी, धारेपासून पाव मिलिमीटरच्या आत आणा. गंज काढायला रंधा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने वीज सोडली तरी चालतं, पण चार्जरच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि जुना रंधा घेताना तोंडाच्या कोपऱ्यांत तडा आहे का ते आधी बघा. बीड पडलं की तिथेच जातं.

ते दुकान अजून चालू आहे. तिथले रंधे अधूनमधून आमच्याकडे दुरुस्तीला येतात. आम्ही नाही म्हणत नाही, भाव मात्र पूर्ण लावतो, आणि उतरलेलं पातं कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात देतो : जिथून घेतलंत तिथे दाखवा.