प्रार्थनापत्रात न मावलेला महिना

१५ जानेवारी, झोंबा, मलावी

आज चिलेम्ब्वे दिवसाची सुट्टी, १९१५ च्या उठावाचे पुढारी पास्टर जॉन चिलेम्ब्वे ह्यांच्या आठवणीची. शाळा बंद, ऑफिसं बंद, पहाटेपासून लाईट नाही आणि पाऊस इतका की पत्र्याच्या आवाजात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे म्हणाले वेळ आहे तर प्रार्थनापत्र, म्हणजे इथल्या आमच्या मिशनच्या कामाची खबर देऊन प्रार्थना मागणारं पत्र, लिहून टाकू, आम्हाला सपोर्ट करणाऱ्या मंडळ्या म्हणजे चर्च वाट बघत असतील. लॅपटॉपला बॅटरी होती तेवढ्यात ह्यांनी मुद्दे काढले, बायबल स्टडी, बाप्तिस्मे, पुढचं ट्रेनिंग, प्रार्थनेचे विषय. सगळं खरं आहे, एक ओळ वाढवून लिहिलेली नाही, आणि ह्या कामासाठी मी रोज प्रभूचे आभार मानते. पण वाचून झाल्यावर वाटलं की ह्यात आमचा महिना कुठेच नाहीये. म्हणून इथे लिहून ठेवतीये.

महिना सुरू झाला तोच धाकट्याच्या तापाने. इथे पावसाळ्यात मूल गरम लागलं की आधी बोटातून रक्त काढून मलेरियाची टेस्ट, मग बाकीचा विचार. पॉझिटिव्ह निघाली. औषधाला इथे सगळे एलए म्हणतात, तीन दिवसांत सहा डोस, दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी म्हणजे बरोबर मध्यरात्री, आणि पोटात काहीतरी स्निग्ध गेलेलं असलं तरच गोळी नीट लागू पडते. तापलेल्या, तोंड घट्ट मिटून बसलेल्या मुलाला मध्यरात्री उठवून टॉर्चच्या उजेडात शेंगदाण्याचं बटर चाटवायचं आणि मग गोळी द्यायची, हे ज्या आईने केलंय तिलाच कळेल. लवकर उलटी झाली तर गोळी परत द्यावी लागते. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि न्सिमा, म्हणजे इथलं मक्याच्या पिठाचं रोजचं जेवण, मागितली. आमच्या मागच्या घरातल्या बाळाला मलेरियाची लस मिळालीये, ही लस जगात पहिल्यांदा नियमित लसीकरणात आली ती २०१९ मध्ये मलावीतच, पण ती अगदी लहान बाळांसाठी, आमचा धाकटा तेव्हाच त्या वयाच्या पुढे गेलेला. असो, बरा झाला, तेच खूप.

मग इथे राहून काम करायचं परमिट. रिन्यूअलचे कागद देऊन खूप काळ झाला, ह्यांना दर वेळी ब्लँटायरला जावं लागतं, आणि डिझेलचा पत्ता नसतो. देशात परकीय चलनाचा तुटवडा पडला की पंपावर लाईन लागते, लोक गाडीतच झोपून रात्र काढतात. मिनीबसने जायचं तर ती पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. आणि मिनीबसमध्ये ह्यांना हमखास विचारतात की तुमचं दुकान कुठेय. इथे भारतीय म्हणजे म्वेन्ये, आणि म्वेन्ये म्हणजे दुकानदार, हे पिढ्यान्‌पिढ्याचं गणित आहे. चर्चमध्ये शिकवायला आलोय म्हणलं की आधी विश्वास बसत नाही, मग अख्खी मिनीबस गप्पांत येते आणि ब्लँटायर येईपर्यंत कुणीतरी प्रार्थनेसाठी आपल्या घरचं दुखणं सांगितलेलं असतं. परमिटचं काम झालं नाही तरी ह्यांना तो प्रवास वाया गेल्यासारखा वाटत नाही. मला मात्र त्या दिवसांचा ताण येतो, खोटं कशाला बोलू, कागद वेळेत आले नाहीत तर मुलांच्या शाळेचं काय हा विचार रात्री झोपू देत नाही.

आणि अबुसांच्या आई गेल्या. अबुसा म्हणजे आमच्या मंडळीचे पास्टर, शेजारीच राहतात. ह्या महिन्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि पत्राच्या मुद्द्यांत ती एका ओळीत आली, ‘सहकाऱ्याच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा’. इथे मयत झाली की सगळं थांबतं. रस्त्यावर झाडाच्या फांद्या तोडून ठेवतात, म्हणजे येणाऱ्या गाड्यांना कळतं की पुढे मयत आहे, हळू चला. बायका आत, मयताजवळ, चटईवर. पुरुष बाहेर. चितेंजे, म्हणजे इथल्या बायकांचं कापड, कमरेला गुंडाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. म्वानोच्या बायका, म्हणजे चर्चचं महिला मंडळ, त्या रात्रभर गातात, एक गीत संपायच्या आत कुणीतरी दुसरं उचलतं, आणि मधे कुणीही उठून सांत्वनाचं भाषण वगैरे करत नाही. पेपानी, म्हणजे वाईट वाटतंय, एवढंच म्हणायचं आणि बसायचं. मी बसले. माझी चिचेवा, म्हणजे इथली भाषा, अजून अशी आहे की गीतांच्या ओळी समोरच्या बाईच्या ओठांकडे बघत म्हणाव्या लागतात, पण कुणी मला पुस्तक आणून दिलं नाही की वेगळी खुर्ची दिली नाही, बाजूच्या आमायीने, म्हणजे बाईने, नुसतं सरकून चटईवर जागा केली आणि पहाटे थंडी वाजायला लागली तशी आपल्या चितेंजेचं अर्धं टोक माझ्या पायांवर टाकलं. पौलाने रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायला सांगितलंय, ते वचन मी लहानपणापासून पाठ म्हणतीये, पण ते रात्रभर अंगाने पाळणाऱ्या बायका मला इथे भेटल्या. मी त्यांना शिकवायला आलीये असं म्हणायला त्या रात्रीनंतर माझी जीभ वळत नाही. दुसऱ्या दिवशी मातीला गेलो तेव्हा प्रत्येक घरातून पीठ आलेलं होतं. जानेवारीत! ज्या महिन्यात घराघरातला मका संपत आलेला असतो आणि नवीन पीक यायला एप्रिल उजाडतो, त्या महिन्यात लोकांनी वाट्या भरभरून पीठ आणलं.

पिठाचं आलं म्हणून पैशांचंही लिहिते, कारण हे मी कुणाजवळ बोलत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत इतकी उतरवली की डॉलर ४४ टक्क्यांनी महागला, साधारण ११८० क्वाचांचा होता तो एका दिवसात १७०० ला गेला. आमचा सपोर्ट बाहेरून येतो, म्हणजे त्या दिवशी आमच्या हातात जास्त क्वाचा आले. अबुसांचा पगार क्वाचात, तो होता तेवढाच राहिला आणि मका, साखर, तेल, मिनीबसचं भाडं सगळं चढत गेलं. आम्ही दोन घरं एकाच कुंपणाला लागून, एकच काम करणारी, एकाच देवाला हाक मारणारी. ह्याचं मला उत्तर सापडलेलं नाही. कुणी म्हणेल देऊन टाका. देतो. पण प्रत्येक वेळी आम्ही देणारे आणि ते घेणारे असं झालं की शेजारपण बिघडतं, आणि अबुसा तर मानी माणूस आहेत.

आज मोठीने ह्यांना विचारलं, चिलेम्ब्वे पास्टर होते ना, मग लढले का? शाळेत तिने नोटेवरचं त्यांचं चित्र काढलं होतं. ह्यांनी तिला नीट सांगितलं. जॉन चिलेम्ब्वे अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परत आले, इथून जवळच चिराद्झुलूला त्यांनी प्रॉव्हिडन्स इंडस्ट्रियल मिशन उभं केलं, शाळा काढल्या, विटांचं मोठं चर्च बांधलं. शेजारी मगोमेरोचा मळा होता, मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या जावयाच्या घराण्याचा. तिथे राहायच्या बदल्यात मळ्यात राबायचं, त्याला थांगाटा म्हणत, आणि चिलेम्ब्वेंच्या लोकांनी मळ्यात बांधलेली प्रार्थनाघरं तिथल्या मॅनेजरने जाळली. जानेवारी १९१५ मध्ये उठाव झाला, मॅनेजर मारला गेला, ३ फेब्रुवारीला चिलेम्ब्वेंना गोळ्या घातल्या आणि सरकारने ते चर्च सुरुंग लावून उडवलं. मोठी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे सुवार्ता आणणारे आणि राबवून घेणारे एकाच घरातले? ह्यांनी हो म्हणलं. गुळमुळीत उत्तर दिलं नाही ह्याचं मला फार बरं वाटलं. बाहेरून येऊन ह्या मातीत देवाचं नाव घेणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीमागे हा इतिहास उभा आहे, आम्ही भारतातून आलो म्हणून सुटलो असं मला वाटत नाही.

सपोर्ट करणाऱ्या मंडळ्यांकडून मेसेज आलाय की पत्राबरोबर फोटो पाठवा, गरजू लोकांचे असतील तर लोकांच्या मनाला भिडतं. विचारणारी माणसं मनाने चांगली आहेत, आमच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करणारी आहेत. तरी मी ह्यांना म्हणलं, मयतीचा एकही फोटो जाणार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळात डोंगर खचून ब्लँटायरच्या वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या, इथे झोंबालाही शाळा आणि चर्च बेघर लोकांनी भरले होते, तेव्हाही सगळ्यांना फोटोच हवे होते. त्या पावसानंतर मोठी अजून जोराचा पाऊस आला की रात्री उठून आमच्या खोलीत येते, तिचा तसा फोटो मी कुणाला देईन का? मग अबुसांच्या पोरांचा का द्यायचा?

हे ऐकून घेतात ही त्यांची मोठी गोष्ट. पत्रात आम्ही अबुसांच्या आईंबद्दल एक अख्खा परिच्छेद घातला, त्या कोण होत्या, त्यांनी किती बायकांना वाचायला शिकवलं, मला मका निवडायला बसवून चिचेवा कशी बोलायला लावली. अबुसांना वाचून दाखवला, त्यांनी एक गावाचं नाव दुरुस्त केलं आणि म्हणाले, पाठवा.

पैशांचं असं ठरलंय की ह्या भुकेच्या महिन्यांसाठी आमच्या हातून वेगळं कुणाला न देता मंडळीच्या मदतफंडात टाकायचं, कुणाला किती द्यायचं ते मंडळीने ठरवायचं, आणि आमच्या नावाची घोषणा करायची नाही. ह्याने अबुसांच्या घरातला आणि आमच्यातला फरक भरून निघत नाही हे मला माहितीये. उद्या एल्डर लोकांची मीटिंग आहे, तिथे हे बोलतील. मी म्वानोच्या बायकांशी बोलणारे, कारण कुणाच्या घरातलं पीठ संपलंय ते एल्डरांच्या आधी त्यांना कळतं.