‘साखर नको, अगावे वापरा’

पार्टीच्या ऑर्डरवर मॅनेजरने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘मार्गारिटात साखर नको, अगावे सिरप वापरा.’ मार्गारिटा म्हणजे टकीला आणि लिंबाच्या रसाचं कॉकटेल, आणि अगावे ही जाड पानांची मेक्सिकन वनस्पती, जिच्यापासून हे गोड सिरप करतात. यजमानांच्या वडिलांना मधुमेह होता आणि अगावे म्हणजे साखर नव्हे, असं कुणीतरी घरच्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी बारवर पोहोचले तोवर आमच्या नव्या मुलाने मोठ्या काचेच्या जारमध्ये मिक्स बनवून फ्रीजमध्ये ठेवलंही होतं.

रेसिपी टॉमीज मार्गारिटाची. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बर्मेहो यांनी १९९० च्या सुमारास ती बसवली. संत्र्याचं लिक्युअर काढलं आणि गोडीसाठी अगावे सिरप घेतलं. टकीला मुळात निळ्या अगावेपासून बनते, त्यामुळे हे सिरप तिची चव झाकत नाही, उलट पुढे आणतं. माझ्या मते मार्गारिटा प्यावी तर हीच, आणि म्हणूनच ती बिघडलेली मला बघवत नाही.

जार उजेडात धरला. तळाशी बोटभर जाड, सोनेरी थर बसलेला. वरून चमचाभर चाखलं तर आंबटढाण. लांब चमचा तळापर्यंत घालून हळूहळू फिरवला, तेव्हा त्या थरातून दोऱ्यासारख्या रेघा वर चढल्या आणि बराच वेळ विरघळेचनात. सगळं एकजीव झाल्यावर पुन्हा चाखलं. आता इतकं गोड की लिंबू कुठे लागेना.

“ताई, आंबट लागत होतं म्हणून मी अजून सिरप घातलं,” तो म्हणाला.

त्याने शुगर सिरपच्या मापाने अगावे सिरप थेट बाटलीतून ओतलं होतं. आमच्या शुगर सिरपमध्ये वजनाने निम्मी साखर, निम्मं पाणी. अगावे सिरपमध्ये पाणी जेमतेम पाव भाग, बाकी बहुतेक साखरच, तीही मुख्यतः फ्रुक्टोज (फळांतली साखर), म्हणजे नेहमीच्या साखरेपेक्षा गोड. एकाच मापात गोडी दुपटीच्या वर जाते. शिवाय गार झालं की ते आणखी घट्ट होतं, जिगरला, म्हणजे बारवरच्या छोट्या मापाला, चिकटतं, बर्फाला चिकटतं. म्हणून दोन भाग अगावेत एक भाग कोमट पाणी घालून, हलवून, ते स्क्वीझ बॉटलमध्ये भरून ठेवायचं आणि त्यातूनच मोजायचं. साखरेच्या तुलनेत फ्रुक्टोजची गोडी थंड पेयात जास्त जाणवते आणि गरम पेयात तो फरक कमी होतो, म्हणून चवही बर्फावर शेक करूनच बघायची. हे सगळं मी त्याला हात चालू ठेवूनच सांगितलं, पाहुणे यायला लागले होते.

ओतून द्यायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या जारमध्ये नुसती टकीला आणि ताजा लिंबाचा रस घेतला, अगावे थेंबभरही नाही, आणि दोन्ही जार एकत्र केले. एक ग्लास शेक करून चाखला, किंचित लिंबू वाढवलं. जमलं.

पण माझ्या मनात ते काका होते. ते बारपाशी आले आणि खुशीत म्हणाले, “माझी बिनसाखरेची मार्गारिटा द्या.”

मी ग्लास पुढे केला नाही. “काका, हीसुद्धा साखरच आहे,” मी म्हटलं. अगावेच्या गड्ड्यातला फ्रुक्टन (फ्रुक्टोजच्या जोडलेल्या साखळ्या) उष्णतेने किंवा एन्झाइमने फोडून हे सिरप करतात. रक्तातली साखर ते झटकन वाढवत नाही, त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी आहे, हे खरंच. पण फ्रुक्टोजचा भार यकृतावर पडतो आणि कॅलरी काही सुटत नाहीत. मधुमेहाच्या काही औषधांवर दारू घेतली तर साखर एकदम खालीही येऊ शकते, म्हणून “डॉक्टरांनी दारूबद्दल काय सांगितलंय?” हेही विचारलं.

“थोडी चालेल म्हणालेत, पण जेवणासोबत.”

मग जेवण लागल्यावर त्यांना थोडी टकीला, लिंबू पिळून, वर भरपूर सोडा आणि ग्लासच्या कडेला मीठ असं करून दिलं. त्यांना ते आवडलं. सुनेला मात्र राग आला, “आम्ही मुद्दाम अगावे सांगितलं होतं,” म्हणाली. तिची काळजी खरी होती, माहिती तेवढी अर्धवट होती. तिलाही सगळं नीट समजावलं.

नव्या मेन्यूत मॅनेजरला या मार्गारिटापुढे ‘शुगर-फ्री’ छापायचं होतं. मी ते खोडायला लावलं. तिथे आता ‘अगावे सिरपसह’ एवढंच आहे.