बारावीचा रकाना

आयर्लंडमधील एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज भरताना माझी गाडी दुसऱ्याच रकान्यापाशी अडली. तेथे बारावीचे गुण विचारले होते, रकाना रिकामा ठेवल्यास अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि मी तर बारावी केलेलीच नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि तिच्या आधारे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा महाराष्ट्रातील मळलेला रस्ता असल्यामुळे तो कोणाला समजावून सांगावा लागेल, असे मला कधी वाटले नव्हते. (आमच्या आत्या मात्र मी बी.ई. झाल्यावरही ‘हिची बारावी राहिलीच’ असे म्हणत असत.)

मी त्या रकान्यात पदविकेचे गुण भरले. काही दिवसांनी प्रवेश कार्यालयाने दोन प्रश्न विचारले: बारावीचे प्रमाणपत्र कोठे आहे, आणि पदवीच्या पहिल्या दोन सत्रांची गुणपत्रके का जोडलेली नाहीत? दुसरा प्रश्न वाचून मी चपापले, कारण त्यांच्या जागी मी असते तर मलाही तो पडला असता. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याची पदवीची गुणपत्रके तिसऱ्या सत्रापासून सुरू होतात. त्यामुळे परक्या माणसाला एवढेच दिसते की हिने शाळा दोन वर्षे आधी सोडली आणि चार वर्षांची पदवी तीन वर्षांत उरकली. प्रत्यक्षात बारावी करून आलेल्यांची 10, 2 आणि 4 अशी 16 वर्षे होतात, तर माझी 10, 3 आणि 3 अशी तेवढीच.

गोंधळाचे आणखी एक कारण मला उशिरा उमगले, ते म्हणजे ‘डिप्लोमा’ हा शब्द. आयर्लंडच्या दहा स्तरांच्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यात, म्हणजे कोणते शिक्षण कोणत्या पायरीवर येते हे सांगणाऱ्या तक्त्यात, ‘हायर डिप्लोमा’ आठव्या आणि ‘पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा’ नवव्या स्तरावर आहे, आणि हे दोन्ही साधारणपणे पदवीनंतर करतात. दहावीनंतरच्या मुलीकडे डिप्लोमा असणे तेथील कर्मचाऱ्याला चमत्कारिक वाटले असेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

स्तरांच्या आकड्यांनीही मला सुरुवातीला चकवले. इंग्लंडमध्ये शिकणारा माझा मावसभाऊ ‘मी लेव्हल सातला आहे’ असे सांगत असे, आणि आयर्लंडचा तक्ता पाहून मी समजत होते की तो साधी पदवी करीत आहे. इंग्लंडमध्ये सातवा स्तर पदव्युत्तर शिक्षणाचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. ऑनर्स पदवी इंग्लंडमध्ये सहाव्या, आयर्लंडमध्ये आठव्या आणि बारा स्तरांच्या स्कॉटलंडमध्ये दहाव्या स्तरावर येते, म्हणजे शिक्षण त्याच तोडीचे असून आकडे मात्र तीन. आपल्याकडील 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात बारावी चौथ्या स्तरावर आहे, तर इंग्लंडमधील ए-लेव्हल, म्हणजे तेथील शाळेची शेवटची परीक्षा, तिसऱ्यावर. तेवढ्यावरून आपली बारावी वरचढ ठरत नाही. म्हणून आकडा बाजूला ठेवून, त्या प्रमाणपत्रावर पुढे कोणत्या वर्गात प्रवेश मिळतो, हे पाहण्याची सवय मी लावून घेतली.

उत्तरही त्याच धर्तीवर लिहिले. महाविद्यालयाकडून प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेतले, ज्यात माझा प्रवेश पदविकेच्या आधारे थेट दुसऱ्या वर्षाला झाला असून पहिल्या वर्षातून नियमानुसार सूट मिळाली आहे, असे स्पष्ट नमूद होते. त्यासाठी तीन हेलपाटे पडले, कारण पहिल्या पत्रात केवळ मी तेथील विद्यार्थिनी असल्याचे, म्हणजे बोनाफाईडचेच, दोन ओळींत लिहून दिले होते. सोबत पदविकेच्या सहाही सत्रांची गुणपत्रके आणि गणित व उपयोजित विज्ञानाचा अभ्यासक्रम जोडला, आणि एका पानावर दहावीपासून पदवीपर्यंतचा वर्षनिहाय तक्ता काढला. माझ्या मते खरे काम त्या तक्त्याने केले. वाचणाऱ्याला स्वतः बेरीज करावी लागली नाही.

त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. सशर्त प्रवेशाचे पत्र आले तेव्हा अट फक्त मूळ पदवी प्रमाणपत्र दाखवण्याची होती, आणि शालेय शिक्षणाच्या ओळीत त्यांनी ‘पदविका, तीन वर्षे’ अशी नोंद केली होती. त्या पत्राची छापील प्रत आत्यांनी मागून घेतली.