ऐकू येतं हो, पण शब्द लागत नाहीत

माझ्या पुतणीचा ऑडिओग्राम (किती बारीक आवाज ऐकू येतो त्या तपासणीचा आलेख) एकदम नॉर्मल, त्यामुळे सगळे म्हणायचे कार्टी लक्षच देत नाही. पण भानगड कानात नाहीच, आलेला आवाज मेंदू कसा लावतो तिथे आहे, त्यात वर्गात पंखा घरघरतोय, बाहेर रिक्षांचे हॉर्न, मग बाईंचं "वही काढा" हिला "दही वाढा" ऐकू येतं 😄

आता बाईंच्या गळ्यात छोटा माइक आणि हिच्या कानात रिसीव्हर. यात आवाज मोठा करणं हा मुद्दाच नाही, अंतर तोडायचं असतं, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो आणि गोंगाट मात्र तेवढाच राहतो, म्हणून तोंडापासून वीतभर लांबचा माइक म्हणजे मागच्या बाकावर बसूनही पहिला बाक. किंमत ऐकून डोळे पांढरे होतात पण.

घरी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून दाखवणारं अ‍ॅप, 2019 ला आलेलं, मराठी चालतं, फक्त आजी "वाईच थांब" म्हणाली की स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटतं.

आणि हो, बाई माइक बंद करायला विसरल्या की स्टाफरूममधल्या गप्पा थेट हिच्या कानात, त्या मात्र पोरीला शब्दन् शब्द कळतात!